दगड सगळ्यांनीच मारले होते – 'डीएनए' नाटकाबद्दल

नेपथ्य

डेनिस केली या ब्रिटिश नाटककाराचं 'डीएनए' इथे किती जणांनी वाचलंय? तासाभरात संपणारं नाटक आहे. नॅशनल थिएटरचा 'कनेक्शन्स' नावाचा उपक्रम आहे, त्यात किशोरवयीन मुलांनी करायची नाटकं नाटककारांकडून मुद्दाम लिहून घेतात. त्यासाठी हे लिहिलं गेलं आणि २००८ साली लंडनमध्ये रंगमंचावर आलं. पुढे ते तिथल्या शाळांना अभ्यासाला लागलं. त्यामुळे जालावर त्याच्या गाइडांचा पूर आहे आणि प्रत्येक गाइडात तेच दोन शब्द: दादागिरी आणि मित्रांचा दबाव. माझं भांडण त्या गाइडांशी आहे.

(पुढे सगळं कथानक फोडलेलं आहे. आधी नाटक वाचायचं असेल त्यांनी इथूनच परत फिरा.)

एका शाळेतला दहाबारा मुलांचा कळप. अ‍ॅडम हा त्यातलाच, पण कायम काठावरचा. आपल्यात घ्या म्हणून काहीही करायला तयार असलेला. त्याला पाला खायला लावतात, अंगावर सिगारेटी विझवतात, शेवटी एका खोल विहिरीसारख्या खड्ड्यावरच्या लोखंडी जाळीवरून चालायला लावतात आणि दगड मारतात. तो पडतो. मेला असं धरून मुलं त्यांच्यातल्याच फिलकडे जातात. फिल कोकचा कॅन खाली ठेवतो आणि एका दमात अख्खा बनाव सांगतो: एक लठ्ठ, वाईट दातांचा, पोस्टमनच्या वेशातला माणूस, ब्रायनने रडत मुख्याध्यापकांकडे जायचं, अ‍ॅडमच्या स्वेटरवर कुणातरी परक्याचा डीएनए. असा माणूस अस्तित्वातच नाही, म्हणून कुणी सापडणार नाही, असा हिशोब. पण कॅथी स्वतःची अक्कल चालवते आणि वर्णनात चपखल बसणाऱ्या खऱ्याच पोस्टमनचा डीएनए मिळवते. तो पकडला जातो. मग तिसऱ्या अंकात अ‍ॅडम झुडपात राहताना जिवंत सापडतो, डोक्याला मार लागलेला, भ्रमिष्ट. आणि आता त्याचं जिवंत असणं सगळ्यांच्या गैरसोयीचं असतं. फिल प्लॅस्टिकची पिशवी काढून काय करायचं ते कॅथी आणि ब्रायनला दाखवतो.

आता बघा, अ‍ॅडमवरच्या दादागिरीचा एकही प्रसंग रंगमंचावर घडत नाही. पडदा उघडतो तेव्हा ते होऊन गेलेलं असतं. कळपातले जॅन आणि मार्क ते फक्त सांगतात, आणि सांगताना पुन्हा पुन्हा एकाच गोष्टीवर येतात: सगळे हसत होते, तोसुद्धा हसत होता. नाटककाराला हिंसा दाखवायचीच नाहीये. त्याला दाखवायचंय ते नंतरचं. अपराधाची बोचणी एकट्याला असती तर असह्य झाली असती. ती दहा जणांत वाटली की कुणाच्याच वाट्याला झोप उडण्याइतकी येत नाही. उलट मुलं आनंदी होतात! फिलची मैत्रीण लियाच म्हणते की हे घडल्यापासून सगळ्यांचं बरं चाललंय, एकमेकांशी चांगले वागतायत. समान गुपित आणि समान दुःख या दोन गोष्टींनी कळपाची मोट बांधली. मला या नाटकातली सगळ्यात भयंकर गोष्ट ती पिशवी वाटत नाही, हा सुखाचा काळ वाटतो.

मुलांच्या एका गटाबरोबर याचं वाचन करायचं चाललंय. तुमची मतं हवीत.

कोरा_कागद

वाचलंय. उत्तम मांडणी. एक भर घालतो: फिल आणि लिया त्या दिवशी जाळीपाशी नव्हतेच. दोघं आपल्या नेहमीच्या मैदानावर बसलेले असतात, जॅन-मार्क त्यांना बोलवायला येतात. म्हणजे ज्यांच्या हातून काही घडलेलं नाही तेच दोघं पुढच्या सगळ्याच्या केंद्रस्थानी. फिलला यात पडायचं कारणच काय होतं? मला आजवर पटेल असं उत्तर सापडलेलं नाही.

तिरकस

कारण एवढंच की त्याला विचारलं. काही माणसांना कोडं सुटलं की बास, कोड्यात कोण मेलंय याच्याशी देणंघेणं नसतं.

मधली_सुट्टी

मी बरीच वर्षं शाळेत समुपदेशक म्हणून काम केलं, त्यामुळे थोडं लांबेल.

छळाच्या प्रसंगात फक्त छळणारा आणि छळ सोसणारा एवढेच दोघे असतात हा समज फिनलंडमधल्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली मोडून काढला. त्यांनी वर्गातल्या मुलांच्या भूमिका वेगळ्या काढल्या: पुढाकार घेणारा, त्याला हात देणारे, हसून-ओरडून रंग भरणारे, बाजूला राहणारे आणि पाठीशी उभे राहणारे. यातला मधला वर्ग फार महत्त्वाचा. रंग भरणाऱ्यांनी हात लावलेला नसतो, त्यामुळे नंतर विचारलं की ते अगदी प्रामाणिकपणे 'मी काही केलं नाही' म्हणतात. पण प्रेक्षक नसते तर तमाशा उभाच राहिला नसता. नेपथ्यताई, तुम्ही हसण्याबद्दल जे लिहिलंय ते म्हणूनच नेमकं आहे. त्या गोष्टीत दगडाइतकंच काम हसण्याने केलंय.

'तोसुद्धा हसत होता' हे वाक्य तर मी किती मुलांच्या तोंडून ऐकलंय. ते खोटं नसतं. सोसणारा खरंच हसत असतो, कारण हसला नाही तर आणखी होईल हे त्याला कळतं. पण नंतर तेच हसू इतरांच्या सुटकेचा दाखला होतं.

आणि या नाटकात पाठीशी उभं राहणारं एकही पोर नाही, हे लक्षात आलं का? रिकामी राहिलेली एकमेव भूमिका तीच.

घारू

लिया आहे की.

मधली_सुट्टी

@घारू, लिया तिसऱ्या अंकात विरोध करते, हे मान्य. पण कुणाकडे? फिलकडे. नाटकभर ती मुख्यतः फिलशीच बोलते, आणि फिल बहुतेक वेळा उत्तर देत नाही. पोलीस, शिक्षक, अ‍ॅडमची आई, यांपैकी कुणाकडेही ती जात नाही. पोस्टमन आत गेल्यावरही नाही.

घारू

पंधरा-सोळा वर्षांची मुलगी आहे हो ती. तुमच्याआमच्यातले किती मोठे गेले असते? मला तर पूर्ण नाटकात एकटी तीच माणूस वाटते. चिंपांझी आणि बोनोबोंवरचं तिचं भाषण आठवा. दोन्ही वानरं आपल्याला जवळजवळ सारखीच जवळची. एक जात परक्याला फाडून खाणारी, दुसरी दुसऱ्याचं दुःख जाणणारी. पोरगी जीव तोडून विचारतेय की आपण यातले नक्की कोण. तिला दोषी धरणं सोपं आहे.

तिरकस

जीव तोडून बोलते आणि काहीच करत नाही. नाटकात असं पात्र ठेवलं की प्रेक्षकाला बरं वाटतं, 'मी असतो तर लियासारखा वागलो असतो.' म्हणजे काहीच केलं नसतंत.

नेपथ्य

@तिरकस, हे तुमच्या नावाला शोभलं, पण यावर मी तुमच्याच बाजूची आहे. एका प्रवेशात ती आपला पाळीव प्राणी मारून डब्यात घालून आणते, फिलने दखल घ्यावी म्हणून. ही गोष्ट विनोदी वाटते आणि विसरली जाते. तिच्यातही ते आहे. नाटककाराने कुणालाच स्वच्छ सोडलेलं नाही.

वकिली_डोकं

थोडी कायद्याची बाजू. इंग्लंडमध्ये गुन्हेगारी जबाबदारी दहाव्या वर्षी सुरू होते, म्हणजे ही सगळी मुलं कायद्याच्या कक्षेत आहेत. गंमत (वाईट अर्थाने) अशी की पहिल्या अंकाच्या शेवटी कुणीही मेलेलं नाही. अ‍ॅडम जिवंत आहे. त्या क्षणी कुणी रुग्णवाहिका बोलावली असती तर प्रकरण गंभीर मारहाणीचं झालं असतं. कडक शिक्षा, पण पोरगा वाचला असता. खाली उतरून कुणी पाहिलं नाही. 'मेला' हे त्यांनी ठरवलं, आणि ठरवल्यावर ते खरं करून दाखवावं लागलं.

दुसरा मुद्दा सामूहिक जबाबदारीचा. एकाने मारलं, बाकीचे सोबत होते, तर बाकीच्यांवर खून लागतो का? इंग्लंडमध्ये अनेक वर्षं असं होतं की 'साथीदार असं करू शकेल' याची कल्पना असतानाही सोबत राहणं जवळपास पुरेसं धरलं जायचं. २०१६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जोगी खटल्यात सांगितलं की हे वळण चुकीचं होतं. कल्पना असणं हा हेतूचा पुरावा असू शकतो, हेतू नव्हे. मदत करण्याचा किंवा चिथावण्याचा उद्देश सिद्ध व्हायला हवा. नुसती हजेरी म्हणजे गुन्हा नाही.

आता हे नाटकाला लावा. शेवटच्या, पिशवीने झालेल्या खऱ्या मृत्यूत कोर्टाला काम सोपं आहे: फिलने सांगितलं, दाखवलं, म्हणून त्याने पिशवीला हात लावला नसता तरी तो खुनीच. पण त्या वेळी 'घरी जा' म्हटल्यावर निघून गेलेल्या जॅन, मार्क, लू यांचं काय? काय होणार हे त्यांना कळलंच नव्हतं असं म्हणवत नाही. कायदा बहुधा त्यांच्यावर खून लावू शकणार नाही. बनाव रचून न्यायाची दिशा बदलल्याबद्दल मात्र पकडेल. मला वाटतं नाटक नेमकं त्या फटीत उभं आहे, जिथे कायदा हात टेकतो.

उंबरठा

असली नाटकं मुलांना दाखवायचीच कशाला? छळ, खून, पोलिसांना फसवणं, आणि शेवटी कुणाला शिक्षाही नाही! मुलं यातून काय घेणार? जरा चांगलं काही नाही का मिळालं?

नेपथ्य

@उंबरठा, शिक्षा होत नाही असं तुम्हाला कशावरून वाटलं? शेवटच्या अंकात रिचर्ड एकेकाची बातमी देतो ती पाहा. जॉन टेट, जो सुरुवातीला म्होरक्या होता आणि 'मेला' हा शब्द उच्चारायला बंदी घालत होता, तो देवाधर्माच्या नादी लागलाय. ब्रायन औषधांच्या गुंगीत आहे. कॅथी आता सगळ्यांना धाकात ठेवते, तिने एका लहान मुलाचं बोट कापलं म्हणतात. लिया शाळा सोडून गेली. पोलीस आले नाहीत एवढंच.

आणि मुलांना 'यातून काय शिकलात' असं मी विचारणार नाहीये.

विषयांतर_खाते

वाचनखूण साठवली. बाकी चालू द्या.

कोरा_कागद

ब्रायनबद्दल कुणी बोललंच नाही. सगळ्यात जास्त बोचणी त्यालाच आहे. पहिल्या प्रवेशापासून रडतोय, पोलिसांसमोर जायला नकार देतोय. गटाचा विवेक म्हणावा असं एकच पोर. आणि त्याचं काय केलं जातं? रडका चेहरा खरा वाटतो म्हणून खोट्या साक्षीसाठी त्यालाच पुढे करतात. तो नाही म्हणाला तर फिल त्याला त्याच जाळीवर न्यायची धमकी देतो. तिसऱ्या अंकापर्यंत ब्रायन हसायला लागलेला असतो, माती खातो, आणि पिशवीचं प्रात्यक्षिक त्याच्याच डोक्यावर होतं तेव्हाही खिदळतो. मग खून करायला तोच जातो.

म्हणजे नेपथ्य म्हणतात तशी बोचणी सारखी वाटली गेलीच नाही. ती सगळी एका पोरावर लोटली गेली, म्हणून बाकीचे सुखात राहिले. मूळ लेखाशी माझा एवढाच मतभेद.

नेपथ्य

@कोरा_कागद, हा मतभेद मोलाचा आहे. अ‍ॅडम गेल्यावर कळपाला नवा अ‍ॅडम लागला. वाचनात ब्रायनला कुठे बसवायचं याचा आता नव्याने विचार करते.

मधली_सुट्टी

याला जोडून दोन प्रयोग सांगते, कारण 'मुलं मुळातच क्रूर' असं कुणीतरी म्हणेलच.

सॉलोमन अ‍ॅशचे १९५१ पासूनचे रेषांचे प्रयोग. कोणती रेषा किती लांब आहे, हे शेंबडं पोरही सांगेल इतकं सोपं. पण आधीच्या सगळ्यांनी (ते प्रयोगकर्त्याचेच लोक) ठरवून चुकीचं उत्तर दिलं की साधारण एक तृतीयांश वेळा खरा उमेदवारही चुकीचंच उत्तर द्यायचा. आणि त्यांच्यातल्या एकानेही खरं उत्तर दिलं की ही मान तुकवणं एकदम घसरायचं. एक जण पुरतो, बहुमत लागत नाही.

दुसरा डार्ली आणि लातानेचा, १९६८. इंटरकॉमवर पलीकडच्या माणसाला झटका आल्यासारखा आवाज येतो. ऐकणारे आपण एकटेच आहोत असं वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के आवाज बंद पडायच्या आत मदतीला उठले. आणखी चौघे ऐकतायत असं वाटणाऱ्यांपैकी ३१ टक्केच. जे उठले नाहीत ते थंड नव्हते, चांगलेच हवालदिल होते. त्यांना काय करावं ते ठरवता येत नव्हतं. प्रयोगातले लोक कॉलेजचे विद्यार्थी होते, गुंड नव्हेत.

किशोरवयात यात भर पडते ती सोबत्यांच्या नजरेची. गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी २००५ साली गाडी चालवण्याच्या खेळात दाखवलं की मित्र बघत असले की या वयाची मुलं जास्त धोका पत्करतात. प्रौढांत तो फरक तसा दिसला नाही. जाळीवर चालायला निघालेल्या अ‍ॅडमलाही हे लागू आहे बरं का, फक्त दगड मारणाऱ्यांना नाही.

तिरकस

प्रयोगांचं ठीक आहे, पण त्याने सगळेच सुटतात. 'परिस्थितीने केलं.' कॅथीला परिस्थितीने केलं का? तिला पहिल्यापासून मजा येत्ये. टीव्हीवर झळकायला मिळालं म्हणून खूश आहे. कुणाच्या सांगण्याशिवाय तिने खरा पोस्टमन शोधला. तिच्यावर कुणाचाच दबाव नव्हता.

मधली_सुट्टी

हे बरोबर आहे, आणि कॅथीसाठी माझ्याकडे प्रयोग नाही. पण कॅथी प्रत्येक वर्गात असते. ती एरवी वर येत नाही. या गटात वर आली, कारण इथे तिच्या गुणांना मागणी निर्माण झाली.

घारू

मला हे सगळं वाचताना तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' आठवत होतं. १९६७ चं, आणि तिथे मोठी माणसं. वेळ घालवायला खेळ मांडतात, खोटं कोर्ट, आरोपी म्हणून बेणारेबाई, आणि बघता बघता सगळे मिळून तिला खरंच सोलून काढतात. नंतर 'अहो, खेळ होता, मनाला लावून घेऊ नका' आहेच. 'तो पण हसत होता'चं थेट भावंड.

कोरा_कागद

छान आठवण. फरक एवढाच की तेंडुलकरांनी तो खेळ आपल्यासमोर खेळवला, केलीने झाकला. बेणारेच्या बाबतीत आपण प्रेक्षागृहात बसून आधी हसलेले असतो, म्हणून शेवटी खुर्चीत अवघडायला होतं. 'डीएनए'त प्रेक्षक हात झटकून मोकळा राहू शकतो. नाटक म्हणून मला 'शांतता' वरचढ वाटतं ते याच कारणाने.

नेपथ्य

हात झटकून मोकळा? मला तसं वाटत नाही. फिल बोलायला लागतो तो क्षण आठवा. तोवर सगळी पोरं बोंबलतायत, अर्धी वाक्यं, एकमेकांच्या बोलण्यावर बोलणं. आणि मग हा शांत, सुसंगत, पूर्ण वाक्यांत बोलणारा मुलगा. ऐकताना हायसं वाटतं! चला, कुणीतरी काहीतरी ठरवतंय. मी पहिल्यांदा वाचताना बनाव पकडला जाऊ नये असंच मला वाटत होतं, आणि पोस्टमन सापडल्याचं कळल्यावर पहिली प्रतिक्रिया 'अरेरे, बिचारा' अशी नव्हती, 'अरे, घोळ झाला' अशी होती. नाटक आपल्याला टोळीत घेतं, फक्त मागच्या दाराने.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी माणसं स्वतःच्या नीतीला कशी झोपवतात याच्या तऱ्हा सांगितल्यात: कृत्याला गोड नाव देणं, जबाबदारी वर ढकलणं, ती सगळ्यांत पातळ करणं, समोरच्याला माणसातून उठवणं. फिलच्या तोंडी यातलं जवळपास सगळं येतं, आणि शेवटी तो हिशोबावर येतो की एक जण महत्त्वाचा की सगळे. वाचनात हे संवाद मी मोठ्याने, रागाने म्हणू देणार नाहीये. समजूतदार थोरल्या भावासारखे म्हणायचे.

उंबरठा

मघाशी घाईने लिहिलं होतं, धागा पूर्ण वाचला. तरी माझा प्रश्न तोच आहे. ज्या मुलांमधला एखादा स्वतः अ‍ॅडमच्या जागी असेल, त्याने हे सगळ्यांसमोर वाचायचं?

मधली_सुट्टी

@उंबरठा, हा खरा प्रश्न. नेपथ्यताई, भूमिका वाटताना हे सांभाळा. अ‍ॅडमची भूमिका वर्गात जो मुळातच काठावर आहे त्याला 'शोभते' म्हणून दिली जाते, हा प्रकार मी पाहिलाय. आणि वाचनाआधी सांगून ठेवा की कुणालाही, कारण न देता, उठून बाहेर जाता येईल. बाहेर एक मोठं माणूस असू द्या.

नेपथ्य

करणार. संहितेत नाटककाराने स्वतःच लिहून ठेवलंय की पात्रांची नावं आणि लिंग या फक्त सूचना आहेत, नट-नट्यांप्रमाणे बदला. त्यामुळे भूमिका फिरत्या ठेवतेय. फिल एका अंकात एक मुलगी, पुढच्यात दुसरा मुलगा. अ‍ॅडम चिठ्ठी टाकून.

वकिली_डोकं

फिल मुलगी असेल तर लियाबरोबरच्या मैदानावरच्या प्रवेशांचा रंग पार बदलेल. करून बघाच.

कोरा_कागद

एक शेवटचं, खाण्याचं. फिल पूर्ण नाटकभर काही ना काही चरत असतो. लिया समोर उलघाल करतेय आणि हा चिप्स खातोय. तिसऱ्या अंकाच्या शेवटी तो तिला गोळी देतो, ती तोंडात घालते, थुंकते आणि निघून जाते. चौथ्या अंकात लियाच्या जागी रिचर्ड बसून बडबडतोय, आणि फिल काही खात नाहीये. संहितेतली ही एवढीच खूण आहे त्याच्या आत काही चालल्याची.

तिरकस

किंवा पोट भरलं असेल. तुम्ही लोक पश्चात्ताप कुठेही शोधता.

नेपथ्य

@तिरकस, गंमत नाही, वाचनाला खरंच या. चौथ्या अंकातला फिल तुम्हाला देते. एकही शब्द नाही. पोट भरलेला आणि पश्चात्ताप झालेला यांतला फरक गप्प बसून दाखवा, मुलं ठरवतील.

तिरकस

संवाद नसलेली भूमिका मला? मान्य. तारीख कळवा.